आजारी लेकराच्या घरच्यांना सोबत: कोल्हापुरातली स्वयंसेवा कितपत कामाची?

कोल्हापुरात मदतीला माणूस कमी पडत नाही. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की पेठेतल्या तालमीची पोरं कुणी सांगायच्या आधी टेम्पो बाहेर काढतात. पण रक्ताचा कर्करोग झालेल्या लेकराचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो, थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याच्या आजाराच्या, पोराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर, आणि तिथं पुराच्या वेळची धावपळ कामाला येत नाही. ॲडमिट झाल्याच्या आठवड्यात खाटेखाली फळांच्या पिशव्यांचा ढीग लागतो. तिसऱ्या महिन्यात आईला दोन तास डोळा लागावा म्हणून बाळाजवळ बसायला कुणी नसतं. म्हणून या सेवेची पारख करायची तर तिसऱ्या महिन्यात कोण येतंय, इथूनच करावी.

ही सेवा एका पाटीखाली मिळत नाही. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शहरातली खासगी आणि धर्मादाय रुग्णालयं, रक्तपेढ्या यांच्या आसपास तालीम मंडळं, महिला मंडळं, क्लब, कॉलेजची एनएसएसची मुलं, निवृत्त शिक्षक आणि बँकवाले असे सगळेच थोडंथोडं करतात. येणारी कुटुंबं नुसती शहरातली नसतात. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी, घाटाखाली सिंधुदुर्ग, पलीकडं निपाणी-बेळगाव अशी सगळीकडून येतात. त्यांना हवं असतं ते ढोबळमानानं पाच गोष्टींत बसतं: कागद, रक्त, डबा, बसायला माणूस आणि मुंबईची वारी. या पाचांचा दर्जा सारखा नाही. म्हणून सरसकट ‘चांगली सेवा’ म्हणता येत नाही.

सगळ्यात मोलाचं काम कागदांचं, आणि त्यालाच स्वयंसेवक सगळ्यात कमी. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, हेही कारण असावं. चांगला स्वयंसेवक पहिल्याच भेटीत एक कप्प्यांची प्लास्टिक फाईल आणतो. पहिल्या कप्प्यात मूळ रेशन कार्ड आणि त्याच्या पाच झेरॉक्स, दुसऱ्यात आई-वडील आणि मुलाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, तिसऱ्यात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, चौथ्यात निदानाचा मूळ रिपोर्ट, मग डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे, सगळ्यात ताजं वर. शेवटी बिलं. फाईलच्या आतल्या कव्हरवर मोठ्या अक्षरात रक्तगट, आजाराचं नाव, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, वॉर्डचा फोन आणि मुलाचं वजन. वजन पेन्सिलनं लिहायचं, कारण ते बदलतं आणि मुलांचा डोस त्यावरच ठरतो. मध्यरात्री ताप येऊन तालुक्याच्या ठिकाणी जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला हे एक पान पुरतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं आणि १५५३८८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती नावांवर. वडिलांचं नाव रेशन कार्डावर बाळू, आधारवर बाळासाहेब, आणि पोराचं नाव रेशन कार्डावर घातलेलंच नाही! हे ॲडमिट झाल्याच्या दिवशीच पाहायचं. नाव नसेल तर जन्मदाखला आणि पालकाची कागदपत्रं घेऊन आरोग्यमित्राशी लगेच बोलायचं आणि तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात नाव वाढवायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा. उपचाराला मंजुरी आधी घ्यावी लागते. बिल भरून झाल्यावर ‘आता योजनेत बसवा’ म्हटलं तर बसत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांनाही ही योजना लागू केलेली आहे. निपाणीकडचं कुटुंब ‘आमचं कार्ड कर्नाटकाचं’ म्हणून परत फिरत असेल, तर आधी गाव यादीत आहे का ते बघायला लावावं. ही एक गोष्ट माहीत असणारा स्वयंसेवक फळं आणणाऱ्या दहा जणांना भारी.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. पहिल्यांवर मोफत उपचार होतात, दुसऱ्यांना सवलत मिळते. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडं दाखला घेऊन जायचं असतं, रिसेप्शनवर विचारून हात हलवत परत यायचं नसतं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. झालेला खर्च त्यातून परत मिळत नाही, त्यामुळं अर्ज उपचार चालू असताना गेला पाहिजे. इथं एक कोल्हापुरी सवय आडवी येते: आधी नेत्याच्या बंगल्यावर जाऊन पत्र आणायचं, मग बाकीचं. त्या पत्रापायी दोन दिवस जातात, आणि उत्पन्नाचा दाखला, अंदाजपत्रक, रिपोर्ट नसतील तर कितीही वजनदार पत्र असलं तरी अर्ज हलत नाही.

कागदांच्या बाबतीत कुटुंबांनी एक सावधगिरी बाळगायची. मूळ कागद कुणाच्याही घरी जाऊ द्यायचे नाहीत, कितीही भला माणूस असला तरी. आणि ‘फाईल पुढं सरकवायला’ म्हणून जो पैसे मागेल तो स्वयंसेवक नव्हे, एजंट.

रक्ताच्या बाबतीत शहराची ताकद मोठी आणि नियोजन ढिलं. वाढदिवस, जयंती, गणेशोत्सव आला की शिबिरं भरतात आणि एका दिवसात पिशव्यांचा ढीग लागतो. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, पण प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, टिकतात फक्त ५ दिवस, तेही २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवल्या तर. त्यामुळं केमो चालू असलेल्या पोराच्या प्लेटलेट दहा हजारांखाली गेल्यावर महिन्यापूर्वीचं शिबिर उपयोगाचं नसतं. लागतो तो त्या दिवशी येणारा दाता. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि थॅलेसेमियाच्या पोरांचं रक्त मात्र ठरल्या तारखेलाच हवं असतं. जे मंडळ दोनशे जणांचं एकच शिबिर न भरवता दर आठवड्याला पाच-सहा दाते रक्तपेढीत पाठवतं, त्याला पूर्ण गुण द्यावेत. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवस आणि बाईला १२० दिवस सोडावे लागतात, हे धरून वहीत प्रत्येकाची पुढची तारीख लिहून ठेवली की झालं. यासाठी ॲप लागत नाही.

एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, हा वेगळा खेळ. एक पिशवी साधारण सहा साध्या पिशव्यांच्या तोडीची. दात्याचं वजन ५० किलोच्या वर, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, आणि हाताची शीर ठळक हवी. यंत्रावर तास-दीड तास, पण तपासण्या धरून अर्धा दिवस मोडतो, हे आधी सांगायचं. नाहीतर दाता दुपारी शिफ्ट आहे म्हणून उठून जातो. उपाशी यायचं नाही. ओठांभोवती मुंग्या आल्या तर गप्प बसायचं नाही. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटनं कॅल्शियम खाली येतं, सिस्टरना सांगितलं की त्या वेग कमी करतात, गोळी देतात. एका पिशवीसाठी चार-पाच नावं तयार ठेवावीत, कारण कुणाची शीर मिळत नाही, कुणाचं हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघतं.

जी चूक प्रेमापोटी होते ती अशी: ‘बापाचंच रक्त लेकराला’. कर्करोगाच्या मुलाला जवळच्या नात्यातलं रक्त द्यायचं झालं तर पिशवीवर किरणांची प्रक्रिया करावी लागते. नाहीतर दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा. पुढं बोन मॅरो बदलायची शक्यता असेल तर डॉक्टर घरच्यांचं रक्त मुळातच टाळतात. बापानं रक्त द्यावं, पण ते पेढीत दुसऱ्यासाठी. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या मुलांना ओळखपत्रावर रक्त मोफत मिळतं. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिन्ही आजार आहेत, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावं. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यामुळं हे पेढीच्या खिडकीवर शांतपणे सांगणारा माणूस हवा.

डबा. इथं कोल्हापूरचा हात कुणी धरू नये, आणि तरीही बऱ्याच डब्यांना काठावर पास म्हणावं लागतं. अडचण तिखटाची. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधानं तोंडभर फोड आलेल्या पोराला कांदा-लसूण चटणीचा वाससुद्धा सोसत नाही. व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधानं जबडा दुखतो आणि बद्धकोष्ठ होतं, तेव्हा त्याला कडक भाकरी नको, मऊ भात, मूगडाळ, पातळसर भाजी हवी. स्टेरॉइड चालू असतात तेव्हा उलटं, पोर रात्री तीन वाजता उठून जेवायला मागतं आणि खारटच मागतं. त्या दिवसांत रात्रीसाठी वेगळा छोटा डबा द्यावा. मीठ बेतानं, भडंग-फरसाण नको, आणि रात्रीपर्यंत टिकेल असंच काही: धिरडं नाही, कोरडा रव्याचा लाडू चालेल, तोही साखर पाळायला सांगितली नसेल तर. म्हणजे डबे दोन हवेत. पोराचा वेगळा, आई-वडिलांचा वेगळा. आई-बापाला झणझणीत द्या खुशाल, त्यांच्या तोंडाला तरी चव असू दे.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना काय आणायचं नाही, हे डबा देणाऱ्या प्रत्येक घरात भिंतीला चिकटवलेलं असावं. कापून आणलेली फळं, द्राक्षं, कच्ची कोशिंबीर, गाड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. या शेवटच्यावर आज्या भांडतात. ‘आमची पिढी त्याच्यावर वाढली’ हे खरं आहे, पण त्या पिढीची केमो चालू नव्हती. पाकिटातलं दूधसुद्धा उकळूनच. केळं, संत्रं अशी जाड सालीची फळं धुऊन, पोरासमोरच सोलून. शिजवलेलं अन्न गरम असताना डब्यात भरायचं आणि दोन तासांत संपवायचं. साडेअकराला भरलेला डबा ट्रॅफिकमधून दोनला पोहोचत असेल तर आईनं तो पोराला देऊ नये.

बसायला माणूस, ही सेवा सगळ्यात साधी दिसते आणि तीच सगळ्यात जास्त बिघडते. बहुतेक वॉर्डात मुलाजवळ एकालाच थांबू देतात. ती आई असते. बाप बाहेर पायरीवर किंवा एसटी स्टँडवर. स्वयंसेवकानं दोन तास बसायचं म्हणजे आईनं आंघोळ करायची, जेवायचं, झोपायचं. त्या दोन तासांत सलाइनला हात लावायचा नाही, गोळी द्यायची नाही, खायला घालायचं नाही, पोराला उचलायचं नाही. आल्याची आणि गेल्याची वेळ सिस्टरना सांगायची, आईचा फोन त्यांच्याजवळ लिहून ठेवायचा. दोघांनी मिळून बसायचं, पडदा उघडा ठेवायचा. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, मुलाच्या सुरक्षिततेचा आहे. स्वयंसेवकही त्यानं सुरक्षित राहतो. सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी यायचं नाही. घरात कुणाला कांजिण्या झाल्या असतील तर आपल्याला काही नसलं तरी यायचं नाही. आणि नकळत संपर्क झालाच तर लपवू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, कारण बचावाचं इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. पल्स पोलिओच्या रविवारी घरच्या धाकट्या भावंडाला डोस पाजायच्या आधीही डॉक्टरांना विचारायचं, कारण तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू जिवंत असतो.

बोलण्यात काय बिघडतं? ‘वहिनी, सगळं बरं होणार बघा’ हे बोलायला सोपं, पण आईला ते ऐकून घ्यावं लागतं आणि वर आपल्यालाच धीर द्यावा लागतो. ‘अमक्याच्या पोराला पण हेच होतं’ ही गोष्ट तर कधीच नको, कारण तिचा शेवट विचारला जातो. केमोच्या लाल औषधानं लघवी लाल झाली की आई घाबरते. तिथंही आपण डॉक्टर व्हायचं नाही, सिस्टरना बोलवायचं. नवसाला, अंगाऱ्याला नाकं मुरडायची नाहीत. जोतिबाचा गुलाल खाटेवर उधळायचा नाही, एवढंच पाहायचं. पुडी कागदात बंद करून आईच्या पर्समध्ये राहू दे. दुखणं बरं होण्यापलीकडं गेलेलं असेल तर काम आणखी कमी शब्दांत होतं: गावाकडं निरोप, धाकट्याला शाळेतून आणणं, गाडीची सोय.

घरी सोडल्यावरची सोबत जवळजवळ कुणीच देत नाही, आणि खरी फजिती तिथं होते. केमोच्या पोराचा ताप तासभर १००.४ फॅरनहाइटवर टिकला किंवा एकदा जरी १०१ दिसला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नसते. गोळीनं ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग चालूच राहतो. फोन करून लगेच निघायचं आणि पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. चंदगड शंभर किलोमीटरच्या पुढं. म्हणून डिजिटल थर्मामीटर, गाडीवाल्याचा नंबर आणि जवळच्या कुठल्या रुग्णालयात पहिला डोस मिळेल याचं उत्तर, या तीन गोष्टी डिस्चार्जच्या आधी ठरलेल्या हव्यात. पावसाळ्यात तर हवंच. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. जुलैच्या सुरुवातीला पंधरा दिवसांची जादा औषधं घरात आहेत का, हे फोन करून विचारणारा स्वयंसेवक मिळाला तर सोडू नका.

मुंबईच्या वारीला इथले गट बरे आहेत. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात जायचं तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादरला उतरणं सोयीचं. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला ७५ टक्के. मात्र रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा फॉर्म घेऊन आरक्षणाच्या खिडकीवरच जावं लागतं, आणि तत्काळमध्ये सवलत नाही. ऐनवेळी तारीख कळली की सवलत गेली. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख मिळताच स्वयंसेवकानं खिडकी गाठावी. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, मिरज-सांगलीच्या फेऱ्यांना ते पुरतं. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची राहण्याची मोफत केंद्रं आहेत, पण तिथली खोली रुग्णालयातल्या समाजसेवकांच्या शिफारशीनं मिळते. थेट बोचकी घेऊन दारात जाऊ नये.

खेळणी, फुगे, वाढदिवस, सांताक्लॉज: चालतं, पण मऊ केसाळ खेळणी धुता येत नाहीत, वॉर्डात नकोतच. रंगपेटी, पत्ते, पुसता येणारी पाटी चांगली. टक्कल पडलेल्या पोराचा फोटो पालकांना न विचारता ग्रुपवर टाकणाऱ्या गटाला शून्य गुण, बाकी काहीही चांगलं करत असला तरी.

स्वयंसेवक व्हायचं असेल त्यांच्यासाठी. जो गट पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतो, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा समजावतो, हात धुण्यापासून शिकवतो आणि पहिले काही आठवडे जुन्या माणसासोबतच पाठवतो, तो बरा. जो फॉर्म न भरताच ‘उद्यापासून या’ म्हणतो, तिथं जाऊ नका. आठवड्यात एकच वार, एकच वेळ, दोन तास धरा. रोज येतो म्हणणारा महिन्यात थकतो. कुटुंबाला आपला घरचा पत्ता देऊ नका, पैसे उसने देऊ नका. पैशांची गरज दिसली तर ती गटाकडं न्या. सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगा आणि नव्या माणसाला घेऊन दोनदा तरी वॉर्डात जा, पोराला ओळख पडू दे. फाईल, दात्यांची वही आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा त्याच्या हातात देऊन मगच थांबा.